मागचं फाटक

शववाहिका पुढच्या फाटकाशी लागली होती, कारंज्याच्या अगदी समोर. अध्यक्षांनी कारंजं बंद करायला लावलं होतं, फाटकाचे दोन्ही दरवाजे सताड उघडे ठेवले होते आणि आता ते जिन्याच्या तोंडाशी हात बांधून उभे होते. आपल्या हातून एक चांगलं काम झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अशा वेळी ते जरा झाकावं, एवढं काही त्यांना सुचलं नव्हतं.

चौघांनी स्ट्रेचर खाली आणलं. डोक्याच्या बाजूला मुलगा होता. त्याच्यामागून काकू उतरल्या, शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "तिकडे नाही. मागच्या फाटकाने न्यायचं."

"आई, मागे कचऱ्याचे डबे आहेत."

"ठाऊक आहे. माझ्याच घरचा कचरा जातो तिथे."

अध्यक्ष लगबगीने पुढे झाले. "वहिनी, मयत मागूनच न्यायची, हा सोसायटीचा नियम आहे खरा. पण साहेबांसाठी कमिटीने अपवाद केलाय. अगदी एकमताने. इतकी वर्षं सेक्रेटरी होते ते. हा नियमसुद्धा त्यांनीच केलेला."

"म्हणूनच म्हणतेय."

स्ट्रेचरवरच्या माणसाला सोसायटीतली पोरं नियमकाका म्हणायची. जिन्यात चपला नकोत, पुढच्या गॅलरीत कपडे नकोत, दुपारी बेल नको. एकदा घर बघायला आलेलं गिऱ्हाईक कारंज्यापाशी मयत दिसली म्हणून आल्या पावली परत गेलं, तेव्हापासून पुढच्या फाटकात मयतही नको. सगळ्यांनी हसत हसत हात वर केले होते. मरायची घाई तेव्हा कुणालाच नव्हती.

"समोरच्या नर्सबाई गेल्या," काकू म्हणाल्या, "तेव्हा त्यांची म्हातारी आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्या लेकीला पुढून जाऊ द्या म्हणाली. रात्री-अपरात्री उठून अख्ख्या बिल्डिंगला इंजेक्शनं दिली होती त्या पोरीने. यांनी काय सांगितलं? नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही बाजूलाच होतात की, अध्यक्षसाहेब. मान हलवत होतात."

"ती गोष्ट वेगळी होती, वहिनी."

"काय वेगळं होतं?"

अध्यक्ष शववाहिकेच्या ड्रायव्हरला थांबायची खूण करू लागले.

मुलाचा आवाज चढला. "आई, बाबांवरचा राग आजच काढायचाय का तुला? लोक बघतायत."

"राग आहेच. सगळ्या संसाराचा राग आहे, तो एका रात्रीत कुठे जाणार?" काकूंनी हाताच्या पाठीने डोळे पुसले. "आणि माणूस माझाही गेलाय रे. मला काय आनंद होतोय का, त्यांना डब्यांवरून न्यायला?" मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "हा नियम आत्ता, इथे, सगळ्यांसाठी मोडला म्हणून सांगा. मी स्वतः पुढून नेते. एकट्या यांच्यासाठी उपकार नकोत."

कमिटीचे दोघे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले. अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले, "असं एकदम कसं मोडता येईल? मीटिंग बोलवावी लागेल. पुढच्या महिन्यात विषय ठेवू हवं तर."

"ठेवा," काकू म्हणाल्या आणि मागच्या बाजूला चालू लागल्या.

स्ट्रेचर धरलेल्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा जागचा हलेना. पण आई एकटीच पुढे निघालीय आणि वळूनसुद्धा बघत नाही, हे पाहून त्याने मुकाट्याने स्ट्रेचर फिरवलं. मग सगळ्यांनाच मागे जाणं भाग पडलं. बहुतेकांनी हा बोळ आजवर पाहिलाच नव्हता. इस्त्रीचे कपडे सावरत, ओल्या फरशीवर बेताने पाय टाकत मंडळी डब्यांच्या कडेकडेने चालली. कुणीतरी नाकाला रुमाल लावला, आणि मग लाजून काढला.

जनरेटरच्या खोलीपाशी बोळ काटकोनात वळत होता. तिथे स्ट्रेचर अडलं. मागे घेतलं, पुन्हा पुढे घातलं, पुन्हा भिंतीला लागलं. मागचं फाटक उघडून उभा असलेला वॉचमन धावत आला.

"असं नाही जायचं, साहेब. डोक्याकडून उचलून उभं करावं लागतं. मग वळतं."

"उभं?" मुलाने विचारलं.

"हो. सगळ्यांना तसंच नेतो आम्ही."

हे जमलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. नियमकाकांनाही नसणार, मयतीबरोबर ते इथवर कधी आलेच नव्हते.

"वहिनी, नका ना हट्ट करू," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज आता खरोखरच मऊ झाला होता. "अजूनही मागे फिरू. पुढून नेऊ."

"सगळ्यांना?"

अध्यक्ष कमिटीच्या दोघांकडे बघू लागले.

काकू भिंतीला अंग घासत वाट काढत स्ट्रेचरपाशी आल्या. नवऱ्याच्या कपाळावरचे केस त्यांनी हलकेच मागे सारले आणि दोन्ही तळवे त्यांच्या डोक्याखाली घातले.

"डोकं मी धरते," त्या म्हणाल्या. "करा उभं."