धाऊचं नाक

“पाण्याला घाई नको करू गो. सवड दिली का त्ये लाकडातूनबी रंग काढतं.”

आईचं, बाईजाचं, हे बोलणं रुपालीच्या कानात पंचवीस वर्षं मुरलं होतं. पाड्यावर चुलीशी बसून बाईजा ऐनाची साल उकळायची, त्या तांबड्या पाण्यात मासे धरायची जाळी बुडवायची. मग ती जाळी कुजत नसत. आज मुरबाडच्या कारखान्यात स्टीलच्या उंच भांड्यापुढं उभी असताना तिला तेच ऐकू येत होतं. भांड्यात ऐनाचीच साल होती. आणि नुसतं पाणी.

कारखाना सालीतून कापडाचा रंग काढायचा. आजवर तो सॉल्व्हंटनं निघे. पेट्रोलसारखं उडून जाणारं, ठिणगीवर टपलेलं ते सॉल्व्हंट दोन वर्षांमागं पेटलं आणि शाम नावाच्या कामगाराचे दोन्ही हात भाजले. तेव्हापासून रुपाली, कारखान्याची केमिस्ट, या भांड्याच्या मागं होती. मांडलं, मोडलं, पुन्हा मांडलं. पाणी दाबाखाली तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. सालीतून सावकाश फिरवायचं. रंग वेगळा काढला की तेच पाणी परत भांड्यात, सालीचा उरलेला चोथा शेताला. पेटायला काही नाही, ओढ्यात सोडायला काही नाही.

आज पहिला पुरा घाणा. हे भांडं राहणार की जुनं पुन्हा चालू होणार, ते शेखरशेठ आज ठरवणार होते.

संदेशनं खालचा कॉक उघडला. पिकल्या करवंदाच्या रसासारखा रंग टोपात उतरला. सगळे वाकून बघत होते आणि कोणीही तोंडाला रुमाल बांधला नव्हता.

“मॅडम, थोडी साखर टाका,” संदेश म्हणाला. “चहाचं भागंल.”

“आधी तू पी,” रुपाली म्हणाली. “मग शेठना देऊ.”

शेखरशेठही हसले. त्यांनी पांढऱ्या कापडाचा तुकडा रंगात बुडवून उजेडात धरला. बराच वेळ धरला. “रंग चोख आहे, मॅडम. मानलं तुम्हाला. पण जुन्या भांड्याला तीन तास लागतात. तुमच्या पाण्याला?”

“आठ.”

“मग? जुन्याची वायरिंग बदलू, मोठे पंखे लावू. आगीची भीती संपली.”

“आगीची संपेल. पण तो वास रोज छातीत जातो, त्याचं काय?”

“वासाचं मला सांगता?” शेठ वळले. “हे आमचे धाऊमामा. वीस वर्षं तोच वास घेतायत. काय झालंय त्यांना?”

सापगावच्या धाऊच्या नाकापुढं कारखान्यात कुणाचं काही चालत नसे. रंग आटवून केलेल्या लगद्यात सॉल्व्हंट जरा जरी राहिलं तरी माल परत येई. मशीनवर तपासायला अर्धा दिवस जाई. धाऊ चिमूटभर लगदा तळव्यावर घेई, अंगठ्यानं चोळी, नाकाशी नेऊन डोळे मिटी आणि म्हणे, “गेला.” नाहीतर, “हाय अजून.” तो कधी चुकला नव्हता. तिच्या फाइलीत सगळ्याचे आकडे होते, पण धाऊच्या नाकाला उत्तर देईल असा एकही नव्हता.

टोपाच्या तळाशी बसलेला नव्या घाण्याचा लगदा आत्ताही त्याच्या तळव्यावर होता. त्यानं सवयीनं हात वर नेला. मग अर्ध्यातूनच खाली आणला.

“बोला की, मामा,” शेठ म्हणाले.

धाऊनं हात फडक्याला पुसला. एकेक बोट, सावकाश.

“शेठ, मला वास येत नाय.”

“सॉल्व्हंटच नाय तर वास कुठनं येनार?” संदेश म्हणाला.

“तसा नाय रे. कसलाच येत नाय. सात वरसं झाली.”

शेठनी हातातला कापडाचा तुकडा खाली ठेवला. “मग तुम्ही माल पास कसा करत होता?”

“हातानं. सॉल्व्हंट ऱ्हायलं का तळवा थंड पडतो. उडून गेलं का थंड लागत नाय. नाक आपलं दाखवायला.”

सात वर्षं. एकही माल परत आला नव्हता. रुपाली त्याच्या तळव्याकडं बघत राहिली. भेगाळलेला, तांबडा झालेला, बाईजाच्या हातासारखाच साधा हात. आणि जे ओळखायला मशीनला अर्धा दिवस लागे ते तो चुटकीसरशी ओळखत होता.

“सांगायचं नाही का, मामा?” शेठचा आवाज उतरला होता.

“सांगितलं असतं तर मला ठेवला असता का तुमी? नाक गेलेला मानूस काय कामाचा? घरातबी नाय बोललो कुनाला.” धाऊनं रुपालीकडं पाहिलं. “ह्या बायचं भांडं ऱ्हाऊ द्या, शेठ. आठ घंटं तर आठ घंटं.”

मग तो थांबला. फडकं त्यानं मुठीत धरलं होतं.

“औंदा नात झाली मला. सुनेनं मांडीवर दिली. बारक्या पोराच्या टाळूला कसा वास असतो, ठावं हाय ना तुमाला? मी नाक लावलं. पुन्यांदा लावलं. सून बघत होती, म्हून हसलो. नाय आला, शेठ.”