सहीची जागा

‘डॉग’ या एवढ्याशा इंग्रजी शब्दात ती एकोणीस वर्षं अडकून पडली होती. शब्दकोशाच्या कचेरीत तिला मिळालेला तो पहिलाच शब्द. प्राण्यापासून शिवीपर्यंतचे सगळे अर्थ तीन महिन्यांत लिहून झाले, पण शब्द मुळात आला कुठून याचा काही केल्या पत्ता लागेना. उगमाचा रकाना भरल्याशिवाय नवा शब्द द्यायचा नाही, हा कचेरीचा नियम. ‘उगम अज्ञात’ लिहायचं तर खाली प्रमुखांची सही हवी. दरवर्षी ती ‘डॉग’चं कार्ड पुढे करायची आणि साहेब ते परत सरकवायचे.

“अज्ञात म्हणजे आळस, बाई. नीट बघा.”

“काय हो, तुमचं कुत्रं अजून सुटलं नाही वाटतं?” शेजारच्या टेबलावरून चिडवणं व्हायचं.

आज साहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची तिला मिळाली. किल्ल्या देताना ते म्हणाले, “आता सही तुमचीच. सुटलात एकदाच्या.”

दार लागताच तिनं कार्ड काढलं आणि पेनासाठी साहेबांच्या टेबलाचा ड्रॉवर ओढला. आत एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. शब्द ‘बॉय’, अक्षर साहेबांचं, तारीख त्यांनी ही खुर्ची घेतली त्या दिवसाची. रकान्यात ‘उगम अज्ञात’ लिहिलेलं, आणि सहीची जागा कोरी.

तिनं पेन न उघडताच परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग आपलं कार्ड तिनं त्याच्यावर ठेवलं, ड्रॉवर लावला आणि जुन्या नोंदींचा पहिला खोका पुन्हा उघडला.