हिरवा ठिपका

मागच्या महिन्यात वायरिंगवाल्या मिस्त्रीने ऑफिसच्या जिन्यातल्या इमर्जन्सी दिव्याची मेलेली बॅटरी काढली. नवी बसवायची राहून गेली, तरी वहीत त्याने बिनदिक्कत 'ठीक' लिहून टाकलं.

आज भरदुपारी तो गुपचूप चूक निस्तरायला आला. आधी खाली जाऊन त्याने मेन स्विच बंद केला. वॉचमनने शिडी धरली.

"चांगल्या दिव्याला कशाला हात लावताय, मिस्त्री? परवा वीज गेली तेव्हा बाकीच्यांनी माना टाकल्या. हा एकटा तीन तास जळला."

मिस्त्री शिडी चढला. मेन बंद असूनही दिव्यावर हिरवा ठिपका होता, म्हणजे चार्जिंग पूर्ण. झाकण उघडलं, तर आत बॅटरीची जागा रिकामीच. दोन वायरी तेवढ्या लोंबत होत्या.

सवयीने त्याने दोन्ही टोकं चिमटीत धरली.

ठिपका लाल झाला. चार्जिंग सुरू.

लालचा हिरवा व्हायला एरवी अख्खा दिवस लागतो. या वेळी त्याची पापणी लवायच्या आत झाला.

त्याने खाली पाहिलं. वॉचमन शिडी धरून सरळ त्याच्याकडेच बघत होता.

"मिस्त्री," वॉचमनने हाक मारली, "अहो, कुठे गेलात?"