राखाडी रंगाची पिकअप

नवऱ्याने जुनी खटारा पिकअप घरी आणली, तेव्हा तिने हसून विचारलं होतं, "आणलीत ना सवत घरात?"

पण पुढे तिला हसू येईना. कामावरून आला की तो थेट गाडीपाशी जायचा. गंज घासताना तिच्याशी इतक्या हळुवारपणे बोलायचा, की बायकोच्या वाट्याला तसा शब्द कधीच आला नव्हता.

मग रंगाचा विषय निघाला. गॅरेजचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून घरीच रोलरने रंग द्यायचं ठरलं. त्याच्या मनात लाल होता.

"राखाडी घ्या," ती म्हणाली. "स्वस्त पडेल, आणि डागही दिसायचे नाहीत."

मनात म्हणाली, बघू आता कशी नटतेस!

रविवारी दुपारी तो रंग द्यायला बसला आणि ती मागे पायरीवर येऊन उभी राहिली. रोलर फिरेल तशी गाडी निस्तेज दिसू लागली. तिचा जीव थंडावला.

"छे गं," तो हलकेच म्हणाला, "अजिबात वाईट दिसत नाहीस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुला नाही," मागे न बघताच तो म्हणाला.

तेवढ्यात तिला त्याच्या बनियनवर, उजव्या खांद्याशी, ओल्या राखाडी रंगाचा पंजा दिसला. नाजूक, बाईचा. तिने स्वतःचे हात पाहिले. ते कोरडे होते.

तिने मान वर केली, तेव्हा त्याच्या डाव्या खांद्यावर एकेक करत बोटं उमटत होती.