गाळलेली ओळ

"…मी उघडा होतो, तुम्ही मला वस्त्र दिलंत. आजारी होतो, माझ्या समाचाराला आलात." एवढं वाचून एस्तेरने बायबल मिटलं.

"'बंदिशाळेत होतो, मला भेटायला आलात' ही ओळ राहिली," तिची आंधळी आई म्हणाली.

दारूच्या नशेत एस्तेरच्या भावाने, शमूने, बाबांना ढकललं होतं. ते पुन्हा उठलेच नाहीत. तो तुरुंगात गेल्यापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं, आणि हा अध्याय आला की एस्तेर ती ओळ गाळायची.

"तुला त्रास नको म्हणून, आई."

"तू गाळतेस, म्हणून मला दिवसभर तेवढीच ऐकू येते." आईने काठी चाचपली. "तुरुंगात शेंगदाण्याची चटणी नेऊ देतात का गं?"

"नाही."

"मग नुसत्याच जाऊ."

सकाळी निघताना आई उंबऱ्याशी थांबली. "आधी तुझ्या बाबांचा फोटो भिंतीकडे वळव. मघापासून बघताहेत. त्यांच्या देखत पोराकडे जायला पाय उचलत नाही."

एस्तेरने खिळ्यावरचा फोटो वळवला.

"वळवलास?"

"हो."

"तरी बघताहेत," आई म्हणाली, आणि तिने उंबरा ओलांडला.