मशीन विकलं त्या दिवशी
छापखाना बंद पडला तेव्हा बँकेचे सात हप्ते थकले होते. "आपलं आता काही खरं नाही," असं मालक वर्षभर म्हणत होता. बाइंडिंग करता करता बायको ऐकायची. कधीकधी तिलाही ते पटायचं, मग दोघंही ताटावरून अर्धपोटीच उठायची. पण मशीन विकायचं तिनेच ठरवलं, आणि गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. पलीकडच्या गल्लीतला एक तरुण छापखानेवाला आपली माणसं घेऊन आला. त्यांनी मशीन चालवून पाहिलं, तर छपाई दरवेळी तिरकी येत होती. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या मालकाला राहवेना. त्याने उठून एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला, रूळ बोटाने चाचपला आणि बटण दाबलं. पुढचा कागद सरळ आला. "आमच्याकडे हे असं कोण चालवणार?" तरुणाने विचारलं. "हे चालवतील," बायको म्हणाली. "पगार बोला. मशीनच्या पैशांत अर्धं कर्ज फिटतंय, उरलेलं पगारातून फेडू. बाइंडिंगला मी आहेच." तिचा आवाज ठाम होता, पण तिने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. मालकाने ते पाहिलं. तरुण संकोचला. "काका, स्वतःच्याच मशीनवर नोकरी करायची. कमीपणा नाही वाटणार?" "वाटेल की. चार-आठ दिवस वाटेलच," मालक म्हणाला. मग शाईचे हात फडक्याला पुसत त्याने विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ?"