सहा घरे, एक छप्पर

भटूने भिंतीवर पहिला दगड ठेवला, तेव्हा पलीकडच्या घरात उखा गवंडी तापात पडून होता. त्याची लेक धनू उखळावर चढून भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटीला तोंड लावून उभी होती.

स्टेशनमागची ही सहा दगडी घरे उखानेच बांधली होती. सहांवर मिळून एकच लांब छप्पर. मधल्या भिंती त्याने कौलांच्या हातभर खालीच थांबवल्या होत्या; चुलीचा धूर कोणा एकाच्या घरात कोंडू नये म्हणून. आता मानमोडीचा ताप आला होता, आणि खोकलाही त्याच वाटेने घरोघर फिरत होता. पहिल्या दोन घरांत कोणी उरले नव्हते. तिसरे उखाचे, चौथे भटूचे. चार दिवसांपूर्वी लोकांनी त्याच्या दाराला बाहेरून कडी घातली. तेव्हापासून भटूची बायको जमनाबाई फटीतून पाण्याचा लोटा देत होती.

"भाऊ, फट बुजू नको. पानी कथाईन येई?" धनू म्हणाली.

"मी काय करू, बहीन? दार उघाडाले लोक नही म्हनतस." भटू म्हणाला. "मन्हा पोरे आजून चांगला शेतस. आजून."

त्याने दुसरा दगड ठेवला. तो घसरून त्याच्याच घरात धाडकन पडला. एक मूल किंचाळले.

"भटू," उखा अंथरुणातून म्हणाला, "गोल गोटा ठेवू नको. पोरेसवर पडी. लांब दगड घे. आडवा टाक."

"सांगू नको, आबा!" धनू ओरडली.

"भिंत मन्ही शे," उखा म्हणाला. "पडाले नको."

मग तो सांगत गेला. आता चपटा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नको. खाली चिखल दाब. प्रत्येक दगडानंतर भटू विचारायचा, "आते कोनता, काका?" उखा नुसत्या ठोक्यावरून ओळखायचा, दगड बसला की नाही ते.

वीतभर फट उरली. जमनाबाईने तिच्यातून लोटा आत सरकवला. धनूने खाली उतरून पाणी आबाच्या ओठांना लावले. ते आत गेले नाही. गालावरून उशीवर ओघळले.

"आते कोनता, काका?"

धनूने आबाच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ उचलला नाही.

"काका?"

ती पुन्हा उखळावर चढली. फटीतून भटूचे डोळे दिसले, आणि त्याच्या मागे खाटेवर एकमेकांना बिलगून बसलेली पोरे.

"आबा म्हनस, धाकला घे," ती म्हणाली. "दगडनी कपची मारीसन बसाड."

दगड घासत आला. अडला. दोन ठोके पडले. आत अंधार झाला.

"दगड बसना!" पलीकडून भटू ओरडला. "काकाले सांग, पक्का बसना."